वापस आलेली संत्री

परवा सौंसरच्या बसस्टँडवर उतरले आणि संत्र्यांचा वास आला. आंबिया बहाराची तोड, म्हणजे दिवाळीच्या आसपासची संत्र्यांची काढणी, सुरू झाली की आमच्या गावाला दीड-दोन महिने हा एकच वास असतो. क्रेटमधल्या तणसाचा, ट्रकखाली चिरडलेल्या सालींचा, आणि कुणीतरी बसमध्ये जागा धरायच्या आधीच सोलायला घेतलेल्या पहिल्या संत्र्याचा. हा वास आला की बगिचावाल्यांना भाव आठवतो, आयांना पोरांचा खोकला आठवतो आणि मला माझे दात आठवतात. माझे दात उत्तम आहेत. आजवर एकही दुखलेला नाही. पण काही वर्षांपूर्वीच्या एका हंगामात ते पार कामातून गेलेत अशी अख्ख्या गावाची खात्री होती, आणि ती खात्री मीच करून दिली होती.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता माझा श्वास अडकला. मी सहावीला गणित शिकवते. आमचं गाव राज्याच्या सीमेपलीकडे, म्हणून शाळा हिंदी माध्यमाची, पोरं घरी मराठी बोलणारी, आणि गणित दोन्ही भाषांत सारखंच चुकणारी. एका सकाळी हजेरी घेताना चार-पाच नावं झाली आणि पुढचं नाव तोंडातून निघेना. छातीत धडधड, तळहात ओले, घसा कोरडा. मी आता इथेच पडणार आणि ही पोरं घाबरणार, एवढंच डोक्यात. दवाखान्यात नेलं, ईसीजीची पट्टी काढली, हृदय ठणठणीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याच वेळी, त्याच हजेरीला. असं बरेचदा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुमच्या हृदयाला आता मीच कंटाळलो. त्याला काही झालेलं नाही. नागपूरला एक समुपदेशक आहेत, त्यांना भेटून या."

मी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत रजा टाकली. दिवाळीनंतर शाळा उघडायची होती. तोवर त्या वर्गात उभं राहून हजेरी घेता येईल की नाही, एवढा एकच प्रश्न माझ्यापुढे होता. नाही जमलं तर नोकरी सोडायची, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं आणि त्या विचाराने मला रडू यायचं. शिकवण्याखेरीज मला दुसरं काही येत नाही. स्वयंपाकाबद्दल आमच्या घरात मतभेद आहेत.

माझ्या वर्गावर कल्पनाताईंना घातलं. त्या हिंदी शिकवतात, आमच्या मागच्याच गल्लीत राहतात आणि त्यांचं हसणं दोन वर्ग सोडून ऐकू जातं. सासूबाईंना हे नागपूर प्रकरण पटलं नाही. त्यांनी मला आधी शनिवारी जामसांवलीला नेलं. मीही गेले, आनंदाने गेले. तिथला मारुती निजलेला आहे. त्याच्यापुढे मी, धड झोप न लागणारी, बराच वेळ बसले आणि सगळं सांगून टाकलं. पुढे समुपदेशक बाईंना भीतभीतच हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तिथे बरं वाटतं ना? मग जात जा." सासूबाईंना निरोप पोचवला. त्या दिवसापासून नागपूरची बाई शहाणी ठरली.

तर दर गुरुवारची वेळ ठरली आणि पहिल्या गुरुवारी मी बसमध्ये बसले. मांडीवर संत्र्यांची पिशवी, आमच्याच बगिच्यातली, पहिल्या तोडीची, निवडून घेतलेली. कंडक्टर ओळखीचा.

"काय मॅडम, नागपूर? शाळा नाही काय आज?"

समुपदेशनाला चालले म्हणावं, तर सावनेर यायच्या आत अर्ध्या बसला मी वेडी झाल्याचं कळलं असतं. माझा हात आपोआप गालावर गेला. "दात," मी म्हटलं.

झालं. बस सुटायच्या आधीच उपचार सुरू झाले.

"लवंग धरा दाताखाली."

"पेरूचा पाला उकळा अन् चुळा भरा, लगेच आराम पडते."

मागच्या सीटवरचे एक काका पुढे वाकून म्हणाले, "एक सांगू काय मॅडम? सगळे काढून टाका. माह्या सासऱ्यानं काढले. आता मस्त मटण खाऊन राहिले."

मी दोन तास गाल धरून बसले. नागपूर येईपर्यंत तो खरंच दुखायला लागला होता.

हल्ली मला कुणी ना कुणी हळूच विचारतं, बाजूला घेऊन, आवाज खाली करून, की तिथे गेल्यावर करतात काय. मी सांगते, आधी ही भीती काढा की आडवं झोपवतील. दोन खुर्च्या असतात, खिडकी असते, स्टुलावर कागदी रुमालांचा डबा असतो. मी तो डबा पूर्ण हंगामात वापरला नाही, ओढणीनेच भागवलं. समोरची बाई माझ्याहून वयाने लहान होती. तिने पाणी दिलं, नाव विचारलं, आणि म्हणाली, "सांगा, कशामुळे यावंसं वाटलं?"

यावर मी काय केलं असेल? मी विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

आमच्याकडे अनोळखी माणसाशी मनातलं बोलत नाहीत. म्हणून आधी त्याला ओळखीचं करून घेतात. गाव कोणतं, आडनाव काय, मामा कुठले, सासर कुठलं. दोन प्रश्नांत कुठेतरी धागा लागतोच, मग चहा होतो, आणि मग बोलणं. मी तेच केलं. बाई हसून थोडक्यात उत्तरं देत होत्या आणि दर वेळी गाडी माझ्याकडे वळवत होत्या. मी ती पुन्हा त्यांच्याकडे वळवत होते, वर्गातल्या चुकार पोरांना हाताळायचा सगळा अनुभव पणाला लावून. शेवटी त्यांची सख्खी मावशी आमच्या बोरगावला दिलेली आहे हे निघालं, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी खुर्ची पुढे ओढली. आता बोलू, म्हटलं. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. तास संपला होता.

"आज तुम्हाला माझ्याबद्दल पुष्कळ कळलं," त्या म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी तुमची पाळी."

मी ओशाळून पिशवी पुढे केली. त्यांनी हात जोडले. "आमच्या कामात भेट घेत नाही आम्ही. राग मानू नका."

"भेट कुठे आहे? संत्री आहेत!"

पण त्या ऐकेनात. समजावून सांगत होत्या की देण्या-घेण्याचं ओझं मध्ये आलं की बोलणं मोकळं राहत नाही. मला कळत होतं आणि भयंकर रागही येत होता. हंगामात सौंसरच्या माणसाने नागपुरात रिकाम्या हाताने कुणाकडे जायचं नसतं, आणि नेलेली संत्री परत आणायची तर मुळीच नसतात. ती पिशवी मांडीवर घेऊन मी परतीच्या बसमध्ये बसले. तिकीट फाडता फाडता कंडक्टर थांबला.

"मॅडम, संत्रे वापस?"

त्याने जन्मात असा प्रकार पाहिला नव्हता. मी गाल धरला आणि डॉक्टरांना आंबट चालत नाही असं काहीतरी म्हणाले. घरी यांनी दार उघडलं, आधी पिशवी पाहिली, मग माझं तोंड पाहिलं. "काय झालं? नापास केलं काय तुले?"

आम्ही दोघं दारातच हसत सुटलो. कितीतरी दिवसांनी मी अशी हसले होते.

दुसऱ्या गुरुवारी मात्र माझी पाळी आली. मी सगळं सांगितलं, हजेरी, धडधड, रजा. सांगून झाल्यावर विचारलं, "मग मी काय करू?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं?" आता हे मलाच ठाऊक असतं तर मी दोन तास गाल धरून कशाला आले असते? समुपदेशक म्हणजे सल्ला देणारी बाई अशी माझी समजूत. आमच्याकडे माणूस वाक्य पूर्ण करायच्या आत त्याला सल्ला मिळतो, बसमध्ये मिळाला तसा. इथे तासभर बोलूनही मिळेना. पण घरी येताना लक्षात आलं की माझं एकही वाक्य त्या दिवशी मध्येच तुटलं नव्हतं. शेवटपर्यंत बोलल्यावर माझी वाक्यं कुठे जाऊन पोचतात ते मलाही पहिल्यांदाच दिसत होतं.

इथलं बोलणं इथेच राहील, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. कुणाच्या जिवाला धोका दिसला तरच बाहेर बोलावं लागेल, तेही सांगून. माझा विश्वास बसेना. बोरगावला मावशी असलेल्या बाईच्या पोटात गोष्ट राहील कशी? म्हणून मी परीक्षा घेतली. माझ्या थोरल्या जावेच्या डिंकाच्या लाडवांबद्दलचं माझं खरं मत त्यांना सांगितलं आणि आठवडाभर वाट पाहिली. जाऊबाई नेहमीसारख्याच गोड बोलत होत्या. डबाभर लाडूही आले. बाई पास झाल्या.

पुढच्या एका गुरुवारी त्यांनी साधंच विचारलं, "शाळेत निघायच्या आधी, सकाळी, तुमचं काय काय चालायचं?"

मी सांगत गेले. दूध, डबे, यांचा चहा. मग बाबांचा फोन.

बाबा पांढुर्ण्याला असायचे. मी नोकरीला लागले तेव्हापासून रोज सकाळी त्यांचा फोन. बोलणं काहीच नाही. पांढुर्ण्यात थंडी किती, कापूस किती वेचला, गुडघा कसा आहे. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "चाल, पोरं वाट पाहून राहिले." मग मी गाडीला किक मारायची. त्या उन्हाळ्यात बाबा गेले. मी घरातली थोरली. तेराही दिवस आल्यागेल्याचं केलं, भावांना सांभाळलं, आईला जेवू घातलं. सगळे म्हणाले, किती खंबीर पोरगी आहे. मलाही ते आवडलं. शाळा उघडली तशी मी हजर झाले.

हे सांगता सांगता माझं बोलणं थांबलं. खिडकीखाली कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती. मग मला रडू आलं. नुसतं पाणी डोळ्यांत आलं असं नाही, मी हमसून हमसून रडले, बाबा गेल्यावर पहिल्यांदा. मला बाबांची फार आठवण येत होती आणि ते कुणाला सांगायला सवडच झाली नव्हती.

विचारणाऱ्यांना मी हेही सांगते की त्या दिवसानंतर मला बरं वाटलं नाही. वाईट वाटलं. तो आठवडा आधीच्यापेक्षा कठीण गेला, पुढचा गुरुवार टाळावा असं वाटलं. चांगलं वाटायच्या आधी असं होऊ शकतं, आणि तेही तिथेच जाऊन सांगायचं असतं. मी जाऊन भांडले. "आधी नुसतं धडधडत होतं, आता रडतेही आहे!" बाई म्हणाल्या, "हो, ऐकते आहे मी." गोळ्यांची गरज वाटली तर त्या मनोविकारांच्या डॉक्टरांकडे पाठवणार होत्या, तसं स्पष्ट बोलणं झालं होतं. मला लागल्या नाहीत. लागल्या असत्या तर घेतल्या असत्या, रक्तदाबाच्या घेतेच की.

मग तयारी सुरू झाली. श्वास सोडताना घाई करायची नाही. पाय जमिनीला टेकलेत हे पाहायचं. धडधड सुरू झाली तर तिला हाकलायचं नाही, ती येते आणि उतरते. आणि घरी रोज हजेरीचा सराव करायचा, मोठ्याने. आता घरी वर्ग कुठून आणू? अंगणात बगिच्यातून आलेले क्रेट होते. मी ओट्यावर संत्री ओळीने मांडली, समोर उभी राहिले आणि नावं घ्यायला लागले. पहिल्या दिवशी सहाव्या नावाला घसा कोरडा पडला. मी थांबले, पाय पाहिले, श्वास सोडला. तेवढ्यात न्हाणीघरातून यांचा आवाज आला, "उपस्थित, मॅडम!"

पुढे रोज तेच. मी नाव घ्यायची, हे कुठूनतरी उत्तर द्यायचे, कधी दाढी करताना, कधी पेपराआडून. सासूबाईंना वाटलं, नागपूरच्या बाईने दोघांनाही बिघडवलं. पण त्यासुद्धा एक दिवस तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "ते कोपऱ्यातलं संत्रं गैरहजर मांड. नासलं हाय."

संत्री नेणं मी सोडलं नव्हतं, नुसती युक्ती काढली होती. बाईंना नकोत तर बाहेर बाकावर ठेवायची, ज्याला हवं त्याने घ्यावं. याला त्यांची हरकत नव्हती. त्या बाहेरच्या खोलीत माणसं एकमेकांकडे न पाहता बसलेली असायची, मोबाइलमध्ये मान घालून, जणू सगळ्यांचेच दात दुखत होते. संत्रं सोलायचं तर मोबाइल खाली ठेवावाच लागतो. आणि सोललं की शेजारच्याला फोड दिल्याशिवाय खाववत नाही. "कुठली आहेत?" असं कुणी विचारलं की मी ताठ बसायची. "सौंसर."

या सगळ्यात कल्पनाताईंचं एकच चाललेलं. "मॅडम, तुमच्या त्या दाताच्या डॉक्टरचा पत्ता द्या न." पहिल्यांदा म्हटलं, आधी मला गुण येऊ द्या. दुसऱ्यांदा गल्लीत भेटल्या तेव्हा म्हटलं, कागद घरी राहिला. दिवाळीच्या फराळाला आल्या, पुन्हा तेच. मी वैतागून बाजारातल्या दातांच्या दवाखान्याचं नाव सांगितलं. "तिथंच जा, जवळ पडेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कडक चकली कटकन तोडली आणि हसून विषय बदलला.

दिवाळी संपली. शाळा उघडली. सहावीच्या दारात मी पाय ठेवला आणि पोरं ओरडत उभी राहिली. हजेरी उघडली. चार नावं झाली, पाच झाली, आणि ती आलीच. छातीत तीच धडधड, घसा तसाच. इतके गुरुवार केले आणि ही अजून आहेच, असं वाटून क्षणभर पार खचले. मग खुर्चीवर बसले, पाय टेकले. म्हटलं, "पोरांनो, मले थोडं घाबरल्यासारखं होऊन राहिलं. एक मिनिट थांबू आपण, मग पुढं घेऊ."

सगळा वर्ग थांबला. असा शांत वर्ग मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "आरामात घ्या मॅडम, आमी इथंच हाओत." पोरं वाट पाहत होती. बाबा म्हणायचे तशीच. मी श्वास सोडला, पुढचं नाव घेतलं, त्याच्या पुढचं घेतलं, शेवटचं घेतलं. सगळी हजर होती.

वर मान केली तर दारात कल्पनाताई उभ्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. मधल्या सुट्टीत त्या मला कडुनिंबाखाली घेऊन गेल्या.

"आता तरी पत्ता द्या."

"कल्पनाताई, मी दातांच्या डॉक्टरकडे..."

"मालूम हाय मले. दात कोरून आलेली बाई बसस्टँडवर उतरल्याबरोबर फुटाणे खाते काय? दर गुरुवारी पाहून राहिली मी." त्या हसल्या. मग हसणं थांबलं आणि त्यांचा चेहरा मला ओळखू येईना. "माहे दात एकदम मजबूत हायेत. पण मले लई दिवस झाले, झोप नाही. जेवण जात नाही. हसतो म्हणून कोणाले दिसत नाही. तुम्ही गुरुवारी जाता अन् हळूहळू सुधरून राहिल्या, हे मले दिसे. म्हणून पत्ता मागत होती. तुम्ही मले दातवाल्याकडे पाठवून राहिल्या."

मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, या गुरुवारी आपण दोघी जाऊ.

गेलो. कंडक्टरने दोन तिकिटं फाडली आणि कल्पनाताईंकडे पाहिलं. "तुमचेही दात?"

"हो भाऊ," त्या म्हणाल्या. "पूर्ण शाळेचेच खराब झाले."

त्या आत गेल्या, दार लागलं. मी बाहेरच्या बाकावर पिशवी ठेवून बसले. माझ्या पाळीला कधी धडधडली नव्हती इतकी छाती धडधडत होती. आत रडतील का, बोलतील का, मध्येच उठून येतील का? मी संत्रं सोललं आणि अर्धं शेजारच्या बाईंना दिलं. आतून काही ऐकू येत नव्हतं. मग एकदा हसणं ऐकू आलं, ते मात्र रस्त्यावरही गेलं असेल.

तास संपला. दार उघडलं. कल्पनाताई बाहेर आल्या, चेहरा फुललेला, डोळे मोठे.

"काय झालं? काय बोलल्या?" मी उठून उभी राहिले.

"अवो मॅडम," त्या माझा दंड धरून म्हणाल्या, "त्यायची मावशी बोरगावची हाय! आपल्या पाटीलकाकूच्या जावेची बहीण निघते!"

मी कपाळाला हात लावला. त्यांच्या मागे बाई दारात उभ्या होत्या, माझ्याकडे पाहून हसू दाबत. "पुढच्या गुरुवारी तुमची पाळी," त्या कल्पनाताईंना म्हणाल्या.

जिना उतरताना कल्पनाताई बोलत होत्या, मावशीबद्दल, पाटीलकाकूंबद्दल. मधल्या पायरीवर त्या थांबल्या. दंडावरचा हात त्यांनी सोडला नव्हता.

"पुढच्या गुरुवारी खरंच बोलावं लागन न मले?"

"लागेल."

"तुम्ही असान न बाहेर?"

"असेन की," मी म्हटलं. "संत्री कोण आणेल?"